एकच ड्रायव्हर, वेगवेगळ्या पेट्या : घरगुती फुल-रेंज स्पीकरसाठी पेटी निवडण्याची आणि पारखण्याची रीत

स्वतःच्या हाताने स्पीकर करू पाहणाऱ्याने पहिला ड्रायव्हर, म्हणजे स्पीकरमधला प्रत्यक्ष आवाज काढणारा भाग, फुल-रेंज जातीचाच घ्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. यात एकच कोन, म्हणजे ड्रायव्हरचा हलणारा शंकू, तानपुऱ्याच्या खर्जापासून झांजेच्या किणकिणाटापर्यंत सगळा आवाज काढतो. खालचे सूर काढणारा वूफर आणि वरचे सूर काढणारा ट्विटर यांच्यात आवाजाची वाटणी करणारा क्रॉसओव्हर लागत नाही, त्यामुळे सोल्डरिंगचे आणि गणिताचे बरेचसे काम वाचते. मात्र तीन-चार इंचांच्या कोनाकडून खालचे सूर काढून घेण्याची जबाबदारी मग पेटीवर येऊन पडते, आणि नवशिक्याची गल्लत नेमकी तेथेच होते. एखाद्या देखण्या पेटीचा फोटो पाहून सुताराकडून तशीच पेटी करून घ्यायची आणि हाताशी असेल तो ड्रायव्हर तिच्यात बसवायचा, हा क्रम उलटा आहे. आधी ड्रायव्हरचे आकडे, मग खोली आणि त्यानंतर पेटी, या क्रमाने गेल्यास थोड्या खर्चात ऐकण्याजोगा स्पीकर तयार होतो.

पेटी मुळात का लागते, हे प्रथम समजून घ्यावे. कोन पुढे सरकतो तेव्हा त्याच्या समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. ५० हर्ट्झच्या सुराची तरंगलांबी जवळजवळ सात मीटर असते. अशा लहरी ड्रायव्हरच्या कडेला सहज वळसा घालून पुढे येतात आणि समोरच्या लहरींना मारून टाकतात. टेबलावर उघडा ठेवलेला ड्रायव्हर चिरका वाजतो तो यामुळेच. मागची ही लहर कोंडून ठेवायची, वळवून कामाला लावायची, लांब नळीतून फिरवायची की मोकळी सोडायची, या एका प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे म्हणजे पेट्यांचे वेगवेगळे प्रकार होत.

पहिली पायरी : ड्रायव्हरचे आकडे

ड्रायव्हरबरोबर मिळणाऱ्या माहितीपत्रकात अनेक आकडे असतात, पण पेटीसाठी त्यांतले चार पुरतात. कोन ज्या कंपनसंख्येला स्वतःहून सर्वांत मोकळेपणाने हलतो ती एफएस. त्या ठिकाणी कोनाच्या हालचालीला किती लगाम बसतो हे सांगणारा आकडा क्यूटीएस; तो जितका लहान, तितका लगाम जास्त. कोनाच्या लवचिकतेइतकी लवचीक असणाऱ्या हवेचे आकारमान म्हणजे व्हीएएस. आणि कोन एका दिशेने किती मिलिमीटर बिनधोक सरकू शकतो तो एक्समॅक्स. या आकड्यांवरून पेटीचा हिशेब करण्याची पद्धत ऑस्ट्रेलियाचे नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडली आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी ती पूर्णत्वास नेली. म्हणूनच या आकड्यांना थील-स्मॉल पॅरामीटर म्हणतात.

या लेखातील हिशेबासाठी एक चार इंची ड्रायव्हर कल्पू या : एफएस ८० हर्ट्झ, क्यूटीएस ०.४५, व्हीएएस ९ लिटर. आपल्या ड्रायव्हरचे आकडे वेगळे असतील. रीत मात्र हीच राहील.

छापील आकड्यांवर डोळे मिटून विसंबू नये. नवा ड्रायव्हर काही तास मध्यम आवाजात वाजवून घ्यावा, म्हणजे त्याचे सस्पेन्शन, कोनाला धरून ठेवणारा लवचीक भाग, सैल होते, आणि मग एफएस स्वतः मोजावी. त्यासाठी अॅम्प्लिफायर आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये १०० ओहमचा दोन वॅटचा रेझिस्टर जोडावा, मोबाइलवरील टोन जनरेटर अॅपमधून सूर सोडावा आणि ड्रायव्हरच्या दोन टोकांवरचा एसी व्होल्टेज मल्टिमीटरने पाहावा. सूर ३० हर्ट्झपासून हळूहळू वर नेताना जेथे हा व्होल्टेज सर्वांत जास्त दिसतो, ती एफएस होय. येथे एक खबरदारी घ्यावी लागते : अगदी स्वस्त मल्टिमीटरांत एसीची सर्वांत लहान रेंजच २०० व्होल्टची असते आणि तिच्यात ही वाढ-घट नीट दिसत नाही. दोन व्होल्टच्या आतला एसी वाचणारा मीटर मागून आणला तरी चालेल. हीच जोडणी पुढे तयार पेटी तपासण्यासाठी लागणार आहे, म्हणून ती मोडू नये. संगणक वापरण्याची सवय असल्यास रूम ईक्यू विझार्ड या मोफत सॉफ्टवेअरने हेच काम आलेखासह होते आणि क्यूटीएसही मिळतो.

क्यूटीएस पाहूनच पेटीची पहिली चाळणी लावता येते; पेट्यांचे प्रकार तिसऱ्या पायरीत समजावले आहेत. तो साधारण ०.३५च्या खाली असेल तर ड्रायव्हरचे चुंबक जोरकस आहे. असा ड्रायव्हर हॉर्नच्या किंवा लहान पोर्टेड पेटीच्या कामाचा असतो. ०.३ ते ०.५ या पट्ट्यात पोर्टेड पेटी चांगली जमते, ०.४ ते ०.७ मध्ये बंद पेटी, आणि ०.७च्या वर गेल्यास उघड्या फळीचा विचार करावा. या सीमा काटेकोर नाहीत, आणि पट्टे एकमेकांवर चढतात ते योग्यच आहे. आपला ०.४५चा ड्रायव्हर बंद आणि पोर्टेड अशा दोन्ही पेट्यांना चालतो. तुलना शिकण्यासाठी असाच ड्रायव्हर घ्यावा.

दुसरी पायरी : खोली

नागपुरातल्या फ्लॅटमधील बेडरूम बहुधा दहा बाय बारा फुटांच्या आसपास असते. अशा खोलीत लांबीच्या दिशेने सुमारे ४७ हर्ट्झला आणि रुंदीच्या दिशेने सुमारे ५६ हर्ट्झला हवा घुमते. भिंतीजवळ ठेवलेल्या स्पीकरच्या खालच्या सुरांना ही खोली आपणहून बळ देते. त्यामुळे माहितीपत्रकातील आलेखात कमी दिसणारा बास प्रत्यक्षात तितका कमी वाटत नाही, आणि भरपूर बासची पेटी मात्र गदगदू लागते. फरशी, प्लास्टर आणि काच यांच्यामुळे वरचे सूर आदळत राहतात. त्यावर सतरंजी, जाड पडदे आणि पुस्तकांचे उघडे कपाट हा उपाय कोणत्याही पेटीपेक्षा स्वस्त आहे. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरात लाकडी तक्तपोशीची माडी ऐकण्यासाठी मिळत असेल तर ती अवश्य वापरावी.

उन्हाळ्यात कूलरचाही विचार करावा लागतो. कूलरच्या पंख्याची घरघर खालच्या सुरांना झाकून टाकते, आणि कूलर चालू असताना केलेल्या तुलनेत जास्त बासची पेटी हमखास जिंकते. ऐकण्याची परीक्षा पहाटे किंवा कूलर बंद करूनच घ्यावी. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो म्हणून हिशेब चुकेल काय, अशी शंका काहींना येते. खोलीत २० ऐवजी ४० अंश तापमान असले तर ध्वनीचा वेग सुमारे साडेतीन टक्क्यांनी वाढतो आणि, उदाहरणार्थ, ६९ हर्ट्झच्या सुराला जुळवलेली पेटी ७१च्या आसपास सरकते. हा फरक मनावर घेण्याजोगा नाही.

तिसरी पायरी : पेट्यांचे प्रकार पारखणे

बंद पेटीत मागची लहर कोंडली जाते आणि आतली हवा कोनाला स्प्रिंगसारखा आधार देते. एडगर व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये याच तत्त्वावर लहान पेटीतून खोल बास काढून दाखवला. अर्थात त्यांचा वूफर त्यासाठीच खास सैल सस्पेन्शनचा केलेला होता. आपल्या चार इंची कोनाकडून तशी अपेक्षा ठेवू नये. बंद पेटीचे मोठे गुण दोन आहेत. मापात थोडी चूक झाली तरी ती सांभाळून घेते, आणि तिच्यातील कोन फार लांब सरकत नसल्यामुळे लहान ड्रायव्हर जपला जातो. आवाज खाली उतरताना तो दर सप्तकाला १२ डेसिबेलने, म्हणजे सावकाश, कमी होतो.

हिशेब सरळ आहे. पेटीत बसल्यावर ड्रायव्हरचा क्यू, म्हणजे क्यूटीएससारखाच लगामाचा आकडा, ०.७०७ व्हावा असे ठरवले, तर ०.७०७ला क्यूटीएसने भागावे, आलेल्या संख्येचा वर्ग करावा, त्यातून एक वजा करावा आणि व्हीएएसला त्या संख्येने भागावे. आपल्या ड्रायव्हरसाठी ९ भागिले १.४७, म्हणजे ६.१ लिटरची पेटी येते आणि तिची कंपनसंख्या १२६ हर्ट्झवर जाते. त्या ठिकाणी आवाज तीन डेसिबेलने उतरलेला असतो.

१२६ हर्ट्झ ही मर्यादा गाण्याच्या दृष्टीने काय आहे, ते पाहू. गायकाचा षड्ज काळी एक, म्हणजे सुमारे १३९ हर्ट्झ असेल, तर तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झवर बोलते. बंद पेटीत हा मूळ सूर सुमारे ११ डेसिबेलने खाली जातो. तारेचे वरचे अंश शाबूत असल्यामुळे कानाला खर्ज ओळखू येतो, पण त्याचा भरणा जाणवत नाही.

हा भरणा पोर्टेड पेटी, म्हणजे बाहेर उघडणारा पाइप बसवलेली पेटी, परत मिळवून देते. तोंड उघड्या बाटलीवर फुंकर मारल्यावर जो घुमार निघतो, त्याच नियमाने पेटीतील हवा आणि पाइपमधील हवेचा दट्ट्या मिळून एका ठरावीक सुराला डोलू लागतात, आणि मागची लहर पाइपमधून योग्य वेळी पुढच्या लहरीला येऊन मिळते. बेल लॅबोरेटरीजमधील अल्बर्ट थुरास यांना याचे पेटंट १९३२ मध्ये मिळाले. क्यूटीएस ०.४५ असताना प्रचलित सूत्रांनी पेटी १३.६ लिटरची आणि पाइपचा सूर ६९ हर्ट्झचा येतो, आणि आवाज तीन डेसिबेलने उतरतो तो सुमारे ६४ हर्ट्झवर. त्याच ड्रायव्हरमधून जवळजवळ एक सप्तक जास्त मिळाले, आणि खर्जाची तार नेमकी पाइपच्या सुरावर आली.

याची किंमत अशी की पेटी दुपटीहून मोठी होते आणि ६४च्या खाली आवाज दर सप्तकाला २४ डेसिबेलने कोसळतो. शिवाय पाइपच्या सुराखाली कोनाला हवेचा आधार उरत नाही. ढोल-ताशांच्या रेकॉर्डिंगमधील ४० हर्ट्झचा धक्का आला तर कोन एक्समॅक्सच्या पलीकडे फेकला जातो आणि कोनामागची कॉइल खालच्या पत्र्यावर आपटते. म्हणून पोर्टेड पेटी करणाऱ्याने मोबाइल किंवा संगणकाच्या इक्वलायझरमध्ये ५० हर्ट्झखालचे सूर कापून ठेवावेत. ही सूचना मोठ्या आवाजात ऐकणाऱ्यांसाठी विशेष महत्त्वाची आहे.

तिसरा प्रकार पाव तरंगलांबीच्या नळीचा. एका टोकाला बंद आणि दुसऱ्या टोकाला उघडी अशी नळी, तिची लांबी ज्या सुराच्या तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शाएवढी असेल त्या सुराला घुमते. पॉल व्होइट यांनी १९३०च्या दशकात रुंदावत जाणारी नळी वापरली, तर आर्थर बेली यांनी १९६५ मध्ये लोकरीने भरलेल्या लांब मार्गाची पेटी मांडली. सरळ नळी ५५ हर्ट्झला लावायची असेल, तर ध्वनीच्या वेगाला, म्हणजे सेकंदाला ३४४ मीटरला, चार पट ५५ने भागून १.५६ मीटर लांबी मिळते, आणि तीत ड्रायव्हर बंद टोकापासून एक तृतीयांशावर, म्हणजे ५२ सेंटीमीटरवर बसवावा. नळी मूळ सुराच्या तिप्पट सुरालाही, म्हणजे १६५ हर्ट्झलाही घुमू पाहते; पण त्या घुमाऱ्याचा दाब बंद टोकापासून बरोबर तिसऱ्या हिश्शावर शून्य असतो. तेथे बसलेला ड्रायव्हर त्याला चेतवू शकत नाही. पुरुषी आवाजाच्या ऐन पट्ट्यात येणारा हा दोष केवळ भोकाच्या जागेने टळतो, ही मला या प्रकारातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. ही पेटी उंच, जमिनीवर उभी राहणारी असते, तिला स्टँड लागत नाही आणि तिचा बास मोकळा वाटतो. मात्र आतील पॉलिएस्टर किती आणि कोठे भरायचे हे कानाने आणि मोजणीने बसवावे लागते, म्हणून ती दुसऱ्या प्रयत्नासाठी राखून ठेवावी.

मागे हॉर्न, म्हणजे भोंग्यासारखा रुंदावत जाणारा मार्ग, असलेली पेटी दिसायला सर्वांत आकर्षक आणि करायला सर्वांत अवघड. घड्या घातलेला दोन-तीन मीटरचा मार्ग, तिरपे काप, कमी क्यूटीएसचा ड्रायव्हर आणि ऐसपैस खोली, एवढे जुळले तरच ती करावी. उघड्या फळीत मागची लहर मोकळी सोडलेली असते. तिचा आवाज बंदिस्त वाटत नाही हे खरे, पण मागे किमान एक मीटर मोकळी जागा आणि चांगली रुंद फळी लागते. दहा बाय बाराच्या खोलीत हे दोन्ही प्रकार पहिल्या कामासाठी सुचवावेत असे मला वाटत नाही.

चौथी पायरी : एकाच पेटीतून तीन पेट्या

तुलना खरी व्हायची असेल तर पेटी सोडून बाकी काहीही बदलता कामा नये. त्यासाठी तीन जोड्या बांधण्याची गरज नाही. पोर्टेड पेटीची एकच जोडी अशी बांधावी, की तिच्या मागच्या फळीवरचा पाइप काढता यावा आणि ती फळी स्क्रूने उघडता यावी. पाइप बसवला की ती १३.६ लिटरची पोर्टेड पेटी. पाइप काढून भोकावर फोमची पट्टी लावलेली प्लायची चकती घट्ट बसवली की तीच मोठी बंद पेटी. तिचा क्यू सुमारे ०.५८ आणि कंपनसंख्या १०३ हर्ट्झ होते. आणि तळाशी थर्मोकोलचे ठोकळे रचून १९ सेंटीमीटर उंची भरून काढली की उरते ती ६ लिटरची लहान बंद पेटी.

आतील माप १८ सेंटीमीटर रुंद, २२ खोल आणि ३६ उंच धरावे. यातून १४.२६ लिटर मिळतात. ड्रायव्हर, पाइप आणि लाकडी पट्ट्यांची जागा वजा जाता हवे ते आकारमान उरते. तिन्ही मापे एकमेकांपासून वेगळी आहेत ती मुद्दाम. घनाकृती पेटीत तिन्ही दिशांचे घुमार एकाच सुरावर जमा होतात.

प्लाय घेण्यासाठी नागपूरच्या लाकूडबाजारात, लकडगंजात जावे. आयएस ३०३ चा शिक्का असलेली बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही टिकणाऱ्या) प्रतीची १८ मिमी प्लाय पुरेशी आहे. आयएस ७१० ची मरीन प्लाय घेतल्यास हरकत नाही, पण आवाजाच्या दृष्टीने जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी, एकसंध, जड आणि कापायला सोपे असते, तरी ज्या घरात चार महिने कूलर आणि पुढचे चार महिने पावसाळा असतो तेथे त्याच्या उघड्या कडा पाणी पिऊन फुगतात, आणि कडेत मारलेला स्क्रू दोन-तीनदा काढल्यावर पकड सोडतो. आपल्याला मागची फळी वारंवार उघडायची असल्याने मी प्लायच्याच बाजूने आहे. सागाच्या सबंध फळीचा मोह टाळावा. विदर्भाचा साग नावाजलेला असला तरी सबंध लाकूड ऋतूप्रमाणे आकसते आणि फुगते, आणि सांधा सुटून हवा गळू लागते; सागाची हौस वरच्या व्हिनियरने भागवावी.

एका पेटीला ३६ × २२ च्या दोन बाजू, २१.६ × २२ चे माथा आणि तळ, आणि ३९.६ × २१.६ च्या पुढची-मागची अशा दोन फळ्या लागतात. सर्व मापे सेंटीमीटरमध्ये आहेत. दोन पेट्यांचे सगळे तुकडे चार बाय चार फुटांच्या अर्ध्या शीटमध्ये बसतात. कापण्याआधी प्लायची जाडी व्हर्नियरने मोजावी, कारण १८ मिमी म्हणून दिलेली शीट प्रत्यक्षात कमी भरू शकते आणि मग माथा-तळाची २१.६ची रुंदी बदलते. शक्य असल्यास दुकानातच पॅनल सॉवर काप घ्यावेत. हाताच्या करवतीने दोन मिलिमीटरचा तिरपेपणा आला तरी सांध्यात फट राहते.

ड्रायव्हरचे भोक वरच्या आतील कडेपासून साधारण ११ सेंटीमीटरवर आणि मध्यरेषेच्या दीड-दोन सेंटीमीटर बाजूला घ्यावे, म्हणजे फळीच्या दोन्ही कडांवरून परतणाऱ्या लहरी एकाच सुरावर येत नाहीत. दुसऱ्या पेटीत ते आरशातल्यासारखे उलट बाजूला यावे. आता सर्वांत जास्त राहून जाणारी गोष्ट : भोकाची मागची कड तासणीने किंवा रास्पने ४५ अंशांत तिरपी उतरवावी. चार इंची ड्रायव्हरच्या चौकटीच्या मागच्या खिडक्या लहान असतात, आणि १८ मिमी जाड फळीत सरळ कापलेले भोक त्यांच्याभोवती भिंत उभी करते. कोनाच्या मागची हवा तेथेच अडते आणि बोलण्याचा आवाज डब्यात बोलल्यासारखा येतो. स्क्रूसाठी थोडे लाकूड राखून बाकीची कड मोकळी करावी.

सांध्यांना फेव्हिकॉल सलग लावावा, क्लॅम्प आवळावेत, आणि आतून प्रत्येक कोपऱ्यात पुन्हा एक फेव्हिकॉलची रेघ ओढून बोटाने दाबावी. उन्हाळ्यात तो लवकर धरतो म्हणून सगळे तुकडे आधी कोरडे जुळवून पाहावेत. मागची फळी मात्र चिकटवू नये. तिच्या कडेला फोमची पट्टी लावून आठ-दहा स्क्रूंनी ती बसवावी.

कापसाच्या मुलखात राहून पेटीत कापूसच का भरू नये, असे वाटणे साहजिक आहे. कापूस पावसाळ्यात ओल धरतो, बसून त्याचा गोळा होतो आणि त्यात किडे होतात. गादी-उशीच्या दुकानात मिळणारे पॉलिएस्टर फायबर घ्यावे. बंद पेटीत ते लिटरमागे ८ ते १२ ग्रॅम, म्हणजे सहा लिटरच्या पेटीत ५० ते ७० ग्रॅम, पिंजून सैल भरावे. स्वयंपाकघरातील काट्यावर वजन करून दोन्ही पेट्यांत सारखेच घालावे. पोर्टेड पेटीत फक्त भिंतींना दोन सेंटीमीटरचा थर द्यावा आणि पाइपचे तोंड पूर्ण मोकळे ठेवावे.

पाचवी पायरी : पाइप कापणे आणि मोजणे

पाइपसाठी नळकामाचा पीव्हीसी पाइप चालतो. त्याच्यावर छापलेले माप बहुधा बाहेरच्या व्यासाचे असते. आपल्याला आतला व्यास हवा. आतला व्यास सेंटीमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करावा, त्याला २३५६२ने गुणावे, मग पेटीचे लिटर आणि पाइपच्या सुराचा वर्ग यांच्या गुणाकाराने भागावे, आणि शेवटी व्यासाच्या ०.७३ पट वजा करावे. पाच सेंटीमीटर व्यासाला ५.४ सेंटीमीटर लांबी येते, तर ४.६ व्यासाला ४.३. फळीची जाडीही या लांबीतच मोजली जाते.

पहिल्यांदा मात्र पाइप आठ सेंटीमीटरचा कापावा. तेव्हा पेटीचा सूर ६१ हर्ट्झच्या आसपास राहतो. आता पहिल्या पायरीतील रेझिस्टर आणि मल्टिमीटरची जोडणी पुन्हा लावावी. पोर्टेड पेटीत व्होल्टेज दोनदा चढतो आणि त्या दोन शिखरांमध्ये एक दरी येते. दरीचा तळ ज्या सुरावर आहे तोच पाइपचा सूर. पाइप पाच-पाच मिलिमीटरने कापत दरी ६९वर आणावी. हे काम संथपणे करावे. याच जोडणीने बंद पेटी तपासल्यास एकच शिखर दिसेल : मोठ्या पेटीत १०३ आणि लहान पेटीत १२६ हर्ट्झच्या जवळ. पॉलिएस्टर भरल्यावर शिखर थोडे खाली सरकते, कारण तंतूंमुळे आतली हवा जणू जास्त असल्यासारखी वागते. आकडा फारच वेगळा आला तर आधी हवेची गळती शोधावी. बंद पेटीत कोन बोटांनी हलकेच आत दाबून सोडला असता तो सावकाश परत यायला हवा; झटकन परत आल्यास कोठेतरी फट आहे.

सहावी पायरी : ऐकून ठरवणे

एक पेटी बंद आणि दुसरी पोर्टेड ठेवावी, आवाज मोनो करावा आणि दोन्ही पेट्यांना एकच रेकॉर्डिंग वाजवायला द्यावे. ड्रायव्हर एकाच जातीचे असल्याने मधल्या सुरांची पातळी सारखीच राहते. आवाजाच्या बटनाला हात लावू नये. भिंतीपासूनचे अंतर दोघींना सारखे, आणि मागे पाइप असल्यामुळे निदान १५ सेंटीमीटर असावे. कोन बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, जमिनीपासून सुमारे ९० सेंटीमीटरवर यावा. काही वेळाने पेट्यांच्या जागा आपसांत बदलाव्यात, कारण कोपऱ्याजवळची पेटी नेहमीच जास्त बास देते.

सुरुवात बोलण्यापासून करावी. आकाशवाणीवरील पुरुष निवेदकाचे बातमीपत्र ऐकावे. पोर्टेड पेटीत त्याचा आवाज छातीतून घुमल्यासारखा येत असेल, तर पाइपचा सूर जास्त आहे किंवा पेटी भिंतीला फार जवळ आहे. मग तानपुरा आणि विलंबित ख्याल. खर्जाची तार एकेका छेडीने सुटी ऐकू येते की नुसता गुंजारव राहतो, ते पाहावे. नंतर तबला : डग्ग्यावर घसरत जाणारी मींड वरपासून खालपर्यंत सलग उतरायला हवी, मध्येच एखादा सूर फुगून पुढे आला तर तो पेटीचा आहे, डग्ग्याचा नव्हे. शेवटी हार्मोनियम आणि व्हायोलिनच्या साथीचे एखादे नाट्यगीत लावून मधल्या पट्टीत गर्दी होते का, ते ऐकावे.

माझे मत विचाराल तर दहा बाय बाराच्या खोलीत, हळू आवाजात रात्री गाणे ऐकणाऱ्याने १३.६ लिटरची पोर्टेड पेटी ठेवावी. टेबलावर, भिंतीला टेकून, कामाच्या जोडीने ऐकणाऱ्याला ६ लिटरची बंद पेटी अधिक मानवते, कारण तिचा कमी पडणारा बास भिंत भरून काढते.

सातवी पायरी : फळीमुळे येणारी तूट

दोन्ही पेट्या ऐकताना स्त्रीचा आवाज किंवा बासरी जरा पुढे आणि पातळ वाटली, तर दोष पेटीच्या प्रकारात शोधू नये. वरचे सूर फळीवरून फक्त पुढे जातात, खालचे सूर मात्र पेटीभोवती सर्व दिशांना पसरतात, आणि समोर बसलेल्याला ते सहा डेसिबेलपर्यंत कमी मिळतात. ११५ला फळीच्या रुंदीने, मीटरमध्ये, भागले की हा बदल कोठे घडतो ते कळते, २१.६ सेंटीमीटर रुंदीला तो ५३० हर्ट्झच्या आसपास येतो. आठ ओहमच्या ड्रायव्हरला सुमारे दीड मिलिहेन्रीची कॉइल आणि तिच्याशी समांतर चार ओहमचा रेझिस्टर, अशी जोडी मालिकेत लावली की वरचे सूर साडेतीन डेसिबेलने खाली येतात आणि तोल साधतो. पेटी भिंतीलगत असेल तर दोन ओहमही पुरतात. ही जोडी आधी पेटीच्या बाहेर टांगून ऐकावी, पसंत पडल्यावरच आत बसवावी.

ड्रायव्हर किंचित आत वळवण्याचाही प्रयोग करावा. चार इंची कोनातून सर्वांत वरचे सूर अरुंद झोतात निघतात. स्पीकरचे तोंड थेट कानाकडे केल्यास ते तीक्ष्ण आणि थोडे बाहेर वळवल्यास मवाळ होतात.

व्हिनियर, पॉलिश किंवा रंग हे काम या सगळ्यानंतर आणि शक्यतो मृगाच्या आधी करावे. पाइपच्या भोकाच्या आणि मागच्या फळीच्या कच्च्या कडांनाही सीलरचा हात द्यावा. दसऱ्याच्या सुमारास हवा कोरडी झाली की मागच्या फळीचे आणि ड्रायव्हरचे स्क्रू एकदा आवळून घ्यावेत आणि दरी अजून ६९वरच आहे ना, हे मल्टिमीटरने पाहावे.